समईला कल्हई नसते

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की आमच्या टेंभुर्णीत लेकी उतरायला लागतात. पूर्वी दमणीतून, छपराच्या बैलगाडीतून, उतरायच्या, आता मोटारीतून उतरतात, पण उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न तोच, "झोका बांधला का गं?" लिंबाच्या फांदीला दोर पडतो, पुरणाचा वास सुटतो आणि आठ-पंधरा दिवस सगळ्या गावाचा आवाज बायकी होऊन जातो. मग सासरहून न्यायला माणूस येतो. त्याला आमच्याकडं मूळ म्हणतात. मूळ आलं की लेकी डोळे पुसत, पिशव्या भरून घेत निघून जातात. मी जात नाही. मी इथली पन्नास वर्षांची माहेरवाशीण आहे. लोकांनी म्हणायच्या आत हे मीच म्हणून टाकते, म्हणजे त्यांना हसायला सोपं जातं.

यंदा घरात लग्न आहे. माझ्या भावाची नात, शालन, आखाजीनंतर आठव्या दिवशी बोहल्यावर उभी राहणार. म्हणून भावाच्या सुनेनं काल माळ्यावरची अडगळ खाली काढली आणि त्यात माझं पोतं निघालं. तिनं तोंडाची सुतळी सोडली, पितळेची पातेली एकात एक घातलेली बाहेर आली. बाहेरून काळी ठिक्कर. आतून बघितलं तर कल्हई जागच्या जागी, जराशी करडी पडलेली, पण कुठंही उडालेली नाही.

"अगं बाई! आत्या, ही कल्हई कवाची?" ती म्हणाली. लहानथोर सगळेच मला आत्या म्हणतात. "एकदा बी चुलीवर चढवली न्हाई का ही भांडी?"

"न्हाई," मी म्हणाले आणि उठून बाहेर ओट्यावर येऊन बसले. बाहेर दहाचं ऊन होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, धुळीला तो भाजका वास सुटला होता. ऊन मला सोसतं. मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला उन्हाचं काय कौतुक! पण वैशाखातला हा वास मात्र अजून सोसत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी एकवीस वर्षांची होते आणि तीर्थपुरीला नांदायला जाऊन मला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. नवस झाले, उपास झाले, झाडपाला झाला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई वाईट नव्हत्या. तोंडावर कधी टोचून बोलल्या नाहीत. फक्त शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेतलं की माझ्याकडं पाठ करून बसायच्या. आणि नवरा? नऊ वर्षांत त्यांचा दिवसाउजेडी मला आलेला एकूण शब्द म्हणजे "पाणी." घर माणसांनी भरलेलं. नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायचं म्हणजे बोभाटाच. मी त्यांना टाचांवरून ओळखायची, इतकी माझी मान खाली.

दर आखाजीला माझा भाऊ गाडी घेऊन मला न्यायला यायचा. त्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "औंदा त्याला निरोप धाडू नका. आपलीच दमणी जाईल. जालन्यात भांड्याला कल्हई बी करून घेता येईल. लेकरू, तुझी माहेरची भांडी लई काळी पडलीत." आणि बरोबर कोण? नवरा. एकटा. ना नणंद, ना दीर, ना एखादी म्हातारी. ज्या घरात मी त्यांच्या हातात सरळ तांब्या दिला तरी कुजबुज व्हायची, त्या घरानं आम्हा दोघांना तीन-चार दिवसांच्या वाटेला एकटं सोडलं. मी हरखून गेले. बाईमाणसाला आनंद झाला की तिची अक्कल गहाण पडते, असं माझी माय म्हणायची. बराबरच म्हणायची.

भांडी गाडीत भरली. माझ्या रुखवतातली सगळी. पातेली, परात, घागर, डेचकी. आणि तागाच्या तुकड्यात गुंडाळलेली समई. मी गुंडाळी उलगडून बघितली आणि विचारलं, "आत्याबाई, समई कामून?"

"राहू दे संगं. घासून आणतील," त्या म्हणाल्या.

माझी ओटी भरली. मी वाकून नमस्कार केला आणि रीतीप्रमाणं म्हणाले, "येते." येते म्हटल्यावर समोरच्यानं "ये" म्हणायचं असतं. आत्याबाई ताकाच्या डेऱ्याकडं वळल्या. मला वाटलं, ऐकू नसेल गेलं. गाडी हलली.

आता सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या वाटेवर मी जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते आणि नंतर तर प्रश्नच नाही. पहाटे निघायचं, ऊन चढलं की झाडाखाली गाडी सोडायची, चारला पुन्हा जुंपायची. अंबडच्या अलीकडं एका ओढ्याच्या काठी आंबा होता, तिथं आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बसून जेवलो. घरी पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही बायका बसायचो, त्यामुळं हा माणूस जेवतो कसा हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी बुक्कीनं कांदा फोडला, वरची तिखट पाकळी स्वतः घेतली आणि मधला गोड गाभा माझ्या भाकरीवर ठेवला. मी तो गाभा शेवटपर्यंत राखून ठेवला.

मग हळूहळू जीभ सुटली. आधी माझी, मग त्यांची. त्यांना लहानपणी विहिरीची भीती वाटायची. त्यांना आमटीत गूळ आवडायचा नाही आणि नऊ वर्षं ते मुकाट्यानं खात होते. मी कपाळावर हात मारून घेतला. "आवं, मंग सांगायचं तरी!"

"कवा सांगू? कुणाम्होरं सांगू?" ते म्हणाले. आणि मग हसून म्हणाले, "लई बडबडी हायेस गं तू. नऊ वर्षं कुठं व्हतीस?"

"तुमच्याच घरात व्हते," मी म्हणाले.

यावर ते हसायचे थांबले. बैलाच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिले. मला वाटलं, मी जास्त बोलले. पुढं रस्ता मोकळा लागला तसा त्यांनी बैलांचा कासरा माझ्या हातात दिला. बाईच्या हातात कासरा! लांबून कुणी दिसलं की मी छपराच्या आत शिरायची, माणूस गेलं की पुन्हा पुढं. एकदा बैलांनी मला गाडीसकट बाभळीत घातलं. माझ्या लुगड्यातले काटे ते एकेक काढत बसले, आणि मी मनात म्हणत होते, देवा, आणखी थोडे असू देत.

जालन्याला नदीच्या अंगाला एक म्हातारा कल्हईवाला आणि त्याची म्हातारी बसायची. म्हातारी भाता ओढायची, म्हातारा पातेलं विस्तवावर धरायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवून फडकं फिरवलं की काळ्या पातेल्याच्या पोटात चांदणं पडायचं. मी पदर नाकाला लावून बघत होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्याला वारा केव्हा हवा ते तिला न सांगता कळत होतं. मला वाटलं, आपलंही आता असंच होणार. सुरुवात तर झालीच आहे.

सगळी भांडी झाली आणि म्हाताऱ्यानं तागाचा तुकडा उलगडला. समई हातात धरून तो आमच्याकडं बघायला लागला. "समई को कल्हई कायकू, बेटी? इसमें क्या पकाना है? ये तो घर में रखने की चीज है."

मी खळाळून हसले. म्हणाले, "बघा, मी म्हणतच व्हते आत्याबाईंना!" म्हातारीही हसली. नवरा हसला नाही. तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांनी नुकतंच पाणी पिलं होतं. हे मी बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं.

तिथं भट्टीच्या मागं, निवलेल्या राखेत, एका कुत्रीची चार पिल्लं झोपली होती. एक उठून थेट माझ्याकडं आलं. मूळ रंग काय होता देव जाणे, नखशिखांत राखाडी. माझ्या जोडव्याला चाटायला लागलं. मी ते उचललं आणि ते माझ्या काखेत तोंड खुपसून असं झोपलं की मला त्याला खाली ठेववेना. एकवीस वर्षांच्या, मूल नसलेल्या बाईच्या काखेत काहीतरी ऊबदार झोपलं, तर तिनं काय करावं?

"घ्यावं का हे?" मी भीतभीत विचारलं.

"घे की," ते म्हणाले. एका क्षणात.

"आवं, पण आत्याबाई? त्यांना तर दारात कुत्रं आलेलं बी खपत न्हाई."

"काही म्हणत न्हाईत त्या."

मला बिलकुल शंका आली नाही. मी उलट मनात म्हणाले, माझ्यासाठी आईशी भांडायला तयार झाला बघ! त्यांना पक्कं ठाऊक होतं की हे कुत्रं त्या दाराला कधी लागणारच नाही, म्हणून ते "घे" म्हणाले होते. पन्नास वर्षं झाली, त्या "घे की"चा सूर अजून माझ्या कानात आहे. असा मायेचा सूर माझ्याशी पुन्हा कुणी काढला नाही.

राख्या नाव ठेवलं. पुढच्या वाटेवर त्याचं आणि नवऱ्याचं मेतकूट जमलं. उन्हाच्या वाटेला कुत्रं गाडीखाली चालतं, चाकांच्या मधोमध, गाडीच्या सावलीत, हे आमच्याकडं पोराबाळांनाही ठाऊक असतं. पण राख्या एवढासा, त्याला कुठलं कळायला! नवरा गाडीतून उतरून, वाकून, गाडीखाली हात घालून त्याला सावलीत ढकलत चालायचा. राख्या बाहेर पळायचा, पाय भाजले की केकाटायचा. पुन्हा आत. टेंभुर्णीला पोचायच्या आदल्या दिवशी त्याला जमलं. शेपूट वर करून, गाडी आपणच ओढतोय अशा ऐटीत तो खालून चालायला लागला. आम्ही दोघं गाडीच्या मागं चालत त्याचे पाय बघत होतो. नवऱ्यानं माझा हात धरला. दिवसाढवळ्या, उघड्या रस्त्यावर. त्यांच्या हाताला घाम होता. मला वाटलं, उन्हानं.

माहेरी पोचलो. भावानं भांडी उतरवली. मायनं नव्या कल्हईचं कौतुक केलं. मग समई तिच्या हातात आली.

"गंगे, समई कामून आणली?"

"कल्हईला!" मी म्हणाले आणि तो सगळा किस्सा हसतहसत सांगितला, म्हाताऱ्याच्या बोलीची नक्कल करून. माय हसली नाही. समई मांडीवर घेऊन खाली बसली. वडील तिच्याकडं बघत राहिले. मी राख्याला दूध पाजायला गेले.

सकाळी नवरा निघाला. माझ्या वडिलांच्या पाया पडला, "येतो" म्हणाला. वडील "या" म्हणाले नाहीत. मी दाराच्या चौकटीत उभी होते. दमणी हलली, घुंगरं वाजली, आणि माझ्या पायाशी बसलेला राख्या तीरासारखा सुटला. गाडीखाली शिरला आणि सावलीत, चाकांच्या मधोमध, शिकवल्याबरहुकूम चालायला लागला. मला हसू आलं. गाडी वेशीबाहेर गेली. घुंगरं विरत गेली, मग थांबली. आणि मग पुन्हा वाजायला लागली, जवळ जवळ येत.

गाडी परत येत होती.

वेशीपासून आमच्या दारापर्यंत गाडीला वेळ किती लागणार? तंबाखू मळून होईल इतका. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय होऊन गेलं सांगू? करमत नसेल. माझ्यावाचून वाट सरणार नाही. चार दिवस राहून जोडीनंच जाऊ म्हणतील. मी आत पळाले, मायला म्हणाले, "माय, माझं गाठोडं कुठंय? ते परत आलेत बघ." माय चुलीपुढून उठली नाही.

ते गाडीतून उतरले. काखेत राख्या होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ह्ये राहू दे तुझ्यापाशी. करमंल तुला."

"किती दिवस?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, दिवसाउजेडी, आईबापांसमोर, नवऱ्याच्या तोंडाकडं बघून विचारलं.

त्यांनी कुत्र्याकडं बघितलं. "सांभाळ त्याला," म्हणाले आणि गेले. या वेळी बैलांना पळवत.

मग मायनं सांगितलं. लेक माहेरी येते तेव्हा लुगडी घेऊन येते, फार तर एखादं भांडं. समई जिथं नांदायचं त्या घरात राहते. समई परत आली की लेक परत आली. ही गोष्ट अख्ख्या मुलखातल्या बायकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. मी ती गाडीत बघितली, हातानं उलगडली, तिच्यावर विनोद केला आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसून आले. माझी पाठवणी मीच हाकत आणली, कासरा हातात धरून.

पुढचं महिन्याभरात कळलं. दुसरी मुलगी ठरलेली होती, तिच्या बापाची अट होती की सवतीवर पोरगी देणार नाही. आधी घर मोकळं करा. म्हणून कल्हई. भाऊ काठी घेऊन निघाला होता, वडिलांनी अडवलं. तेव्हा कायदा आमच्या बाजूचा नव्हता आणि पंच तर नाहीच नाही. तरी मी दोन वर्षं वाट बघितली. दर आखाजीला लेकींची मुळं यायची तेव्हा मी आंघोळ करून, नीट लुगडं नेसून बसायची. याची मला अजून लाज वाटते.

माझी दशा मी झाकून ठेवायची, राख्याला ते जमायचं नाही. गावातून कुठलीही गाडी निघाली की तो तिच्याखाली शिरायचा. ओढ्यापर्यंत सावलीत चालायचा. तिथं गाडीवान त्याला हाकलायचे आणि तो जीभ काढून परत यायचा. दिवसातून दोनदा, तीनदा. गाव हसायचं. मोठा झाला, पाठ चाकांच्या आसाला घासायला लागली, तरी वाकून चालायचा. सात वर्षं. आठव्या वैशाखात जालन्याकडं जाणारी कुणाची तरी गाडी निघाली, तो खाली शिरला आणि गेला. मी ओट्यावर बसून घुंगरं ऐकत होते. ती थांबली नाहीत. या खेपेला त्याला परत आणून द्यायला गाडी वळली नाही.

नंतर भावानं मला अक्षरं शिकवली, राज्य गेलं, शाळा आल्या, मी मास्तरीण झाले. पोरींना पाढे शिकवले. लोक म्हणाले, गंगूबाईनं आयुष्याचं सोनं केलं. कसलं सोनं! त्यांच्या मरणाची बातमी आली, दुसरीची तीन मुलं असल्याचीही आली. मी कुंकू पुसलं, कारण लावत होते. आणि रडले ते ते गेले म्हणून नव्हे. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि आता ती विचारायला माणूस उरलं नव्हतं. तो कांद्याचा गाभा, ते काटे, तो हात, हे सगळं कीव होती का? बळी द्यायच्या बकऱ्याला चारा घालतात तसलं? की खरंच नऊ वर्षांनी त्यांना मी सापडले होते, आणि तरी त्यांनी मला सोडलं? कीव असेल तर माझ्याजवळ काहीच नाही. माया असेल तर ते त्याहून वाईट. मी आलटून पालटून दोन्ही खरं मानून बघितलं आहे. कशानंच थंडावा मिळत नाही. शिवी देऊन, केस धरून आणून टाकलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

आज सकाळी सून जवळ येऊन बसली. चाचरत म्हणाली, "आत्या, शालनच्या रुखवतात भांडी लागतीलच. तुमची आहेत ती कासाराकडं मोडीत घालून नवी घ्यावी म्हणते. तशीच दिली तर..." टाकलेल्या बाईची भांडी नव्या नवरीला देत नाहीत. मी म्हणाले, "घाल की मोडीत." त्यांनी "घे की" म्हटलं होतं, तसं.

पण शालननं त्याच पोत्यातली समई उचलली. राखेनं घासून लख्ख केली आणि उन्हात धरून बघायला लागली. "ही मोडीत घालायची न्हाई. ही मी नेणार," आईला म्हणाली. आई माझ्याकडं बघायला लागली.

मी शालनला ओट्यावर शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, "ने बाई. पण एक ध्यानात ठेव. सासरहून माहेरी निघालीस आणि सामानात ही समई दिसली, तर गाडीत पाय ठेवायचा न्हाई. कुणी काही सांगू दे, कितीबी गोड बोलू दे. बसायचं न्हाई."

ती हसली. मग मी हसत नाही हे बघून थांबली. रस्त्यावर ऊन तापत होतं. बराच वेळ ती समईची वात बसवायची जागा बोटानं चाचपत राहिली.

"मंग कुठं जायचं, आत्या?" तिनं विचारलं.

पन्नास वर्षं मी मनातल्या मनात त्या गाडीतून उतरत आले आहे. तीर्थपुरीच्या वेशीत उतरले आहे, अंबडला उतरले आहे, जालन्यात त्या म्हाताऱ्या कल्हईवाल्यासमोर उतरले आहे. उतरून पुढं कुठं जायचं, हे मी एकदाही बघितलेलं नाही. मी शालनच्या हातातून समई घेतली आणि पदरानं पुसत बसले.